साहेब घर बघायला येणार आहेत

मी आयर्लंडमध्ये नोकरी काय करत होते हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. कोणी विचारलं की मी "वेल्फेअर अ‍ॅडव्हायझर" असं भारदस्त आवाजात सांगायची. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि संधी मिळताच आमच्या ह्यांना बाजूला घ्यायचा. "वहिनी नक्की करतात काय?" हे शांतपणे सांगायचे, "सरकारी पैसे वाटते." वाटते कसली! एवढ्या वर्षांत माझ्या हातून सरकारचा एक सेंटही कोणाला गेला नाही. मी नास गावातल्या एका माहिती केंद्रात बसायची आणि आलेल्या माणसाला त्याने कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायची. तेही सुरुवातीला चुकीचं सांगायची.

त्या देशातली व्यवस्था थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ज्याची नोकरी गेली त्याला काही महिने बेकारभत्ता मिळतो, कारण पगारातून त्याचे विम्याचे हप्ते कापले गेलेले असतात. तो संपला की पुढची मदत परिस्थिती तपासून. शिवाय घरभाड्याला मदत असते, अडीअडचणीला एकरकमी मदत असते. पैसा येतो डब्लिनच्या तिजोरीतून, पण कोणाला द्यायचा हे ठरवायला प्रत्येक भागात एक वेल्फेअर ऑफिसर असायचा. तो दोन प्रश्न विचारायचा, वाटलं तर घरी येऊन एक नजर टाकायचा, आणि मग ठरवायचा. आमच्या भागातल्या ऑफिसरचं नाव डेक्लन. मूळचा किलकेनीकडचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. बोलायचा मात्र इतकं हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

माझी अडचण अशी, की या कामाला मी आले ती पुण्याच्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातून. तिथे आम्ही माणसाला एकच विचारायचो, तुमच्याकडे काय काय आहे? ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला आणखी द्यायचं, नाही त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. इथे सगळा मामला उलटा. तरी हाताला वळण पडलेलं. माझ्याकडे आलेल्या पहिल्याच गृहस्थाला मी आग्रहाने सांगितलं, की भावाच्या नावावरचं घर, सासऱ्याची गाडी, काय असेल ते सगळं लिहा, केस भक्कम होईल. डेक्लनने तो अर्ज माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "शैला, हा माणूस माझ्यापेक्षा श्रीमंत आहे. मीच याच्याकडे अर्ज करू का?"

दुसरी फजिती पांढऱ्या झग्याची. एक बाई आली आणि म्हणाली, मुलीसाठी पांढरा ड्रेस हवा, डोक्यावरची जाळी हवी, बूट हवेत, काही मदत मिळेल का? मी म्हटलं, अभिनंदन! आणि बँकेतल्या सवयीने विचारलं, नवरीचं वय काय? ती म्हणाली, सात. मी पेन खाली ठेवलं. बालविवाह हा गुन्हा आहे, हे मी तिला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ती उठून उभीच राहिली. कॅथलिक घरात मूल सात-आठ वर्षांचं झालं की चर्चमध्ये त्याचा पहिला प्रसादविधी होतो, त्याला मुली नवरीसारख्या नटतात, आणि गरिबाघरच्या पोरीला त्या दिवशी खाली बघायला लागू नये म्हणून सरकार कपड्यांना हातभार लावतं, हे मला त्या बाईनेच समजावलं. मला ही योजना फार आवडली. पुढे तीच बाई मला गावात कुठेही भेटली की लांबूनच ओरडायची, "शैला, जावई मिळाला गं!"

मग मंदी आली. आधी बांधकामं थांबली, मग कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली, आणि शेवटी देशच दुसऱ्यांच्या दारात कर्जासाठी जाऊन उभा राहिला. केंद्रातली रांग रस्त्यावर गेली. आयरिश माणसं तोपर्यंत माझ्या ओळखीची झाली होती. घर बुडालेला गवंडीसुद्धा कसं चाललंय विचारलं की "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणायचा. मी पहिलं वर्षभर ते खरं मानून लिहून घेतलं, त्यामुळे माझ्या नोंदींप्रमाणे नास हे युरोपातलं सर्वांत सुखी गाव होतं.

पण आपली माणसं जास्त अवघड. ती यायचीच नाहीत. आली तर मित्रासाठी. पुण्याचा, मुंबईचा, नागपूरचा, चांगला आठ-दहा वर्षं अनुभव असलेला मुलगा समोर बसायचा आणि म्हणायचा, "शैलाताई, माझ्या एका मित्राची केस आहे." मित्राची नोकरी गेलेली असायची, मित्राला दोन मुलं असायची, आणि मित्राची सगळी कागदपत्रं याच्या बॅगेत असायची. भत्ता पोस्टातून घ्यायचा असतो, तर डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये राहणारा माणूस पोस्ट निवडायचा दोन गावं सोडून पलीकडचं. मी अशांना मोठं भाषण द्यायची. हा तुमचा हक्क आहे, तुम्ही कर भरलाय, लाजायचं कारण नाही वगैरे. भाषण फार सुंदर होतं. ते मी स्वतःच्या मुलाची नोकरी गेली तेव्हा त्याला ऐकवलं नाही, एवढंच.

प्रसाद आणि मृणाल मात्र मित्राचं नाव न घेता आले. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. ती घरी छोटं पाळणाघर चालवायची, पण गल्लीतल्या आयांच्याच नोकऱ्या गेल्यावर मुलं पाळणाघरात ठेवणार कोण? प्रसादची नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते, बेकारभत्ता संपला होता, हातातली शिल्लकही. घरमालकाने सांगून टाकलं होतं की महिनाअखेरपर्यंत भाडं आलं नाही तर घर सोडा. भाड्याची मदत मिळाली तर टिकणार, नाही तर मुलीला शाळेतून मध्येच काढून नागपूरला परत. दोघांनी हे सगळं सरळ सांगितलं. मग मृणाल थांबली आणि म्हणाली, "अजून एक आहे, ताई. आई आल्यात."

आई म्हणजे प्रसादच्या आई, सिंधूबाई. त्यांचं तिकीट नोकरी जायच्या आधीच काढलेलं होतं. प्रसादला त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. त्यामुळे तो रोज सकाळी टाय लावून, लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून, आईने भरलेला डबा घेऊन "ऑफिसला" जात होता. आयर्लंडमध्ये सॉफ्टवेअरवाला टाय लावत नाही, पण आईला टायशिवाय ऑफिस पटत नव्हतं. आधी लायब्ररीत बसायचा, तिथे ओळखीचे लोक दिसायला लागल्यावर कालव्याच्या काठाने चालत राहायचा. महिना जानेवारीचा.

"आणि आता ऑफिसर घरी येणार म्हणतोय," प्रसाद म्हणाला. "आईला मी सांगितलंय की ऑफिसातले साहेब घर बघायला येणार आहेत. शैलाताई, तुम्ही या ना यार. आईला फक्त सांभाळा."

मी अधिकारवाणीने सूचना दिल्या. घर आहे तसं ठेवा. काही आवरू नका, काही मांडू नका. खायला काही करू नका. डेक्लन कोणाच्याही घरी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, तो त्याचा नियम आहे. विचारेल तेवढंच सांगा. मृणालने मान डोलावली. सूचना अगदी बिनचूक होत्या. फक्त त्या मी चुकीच्या बाईला दिल्या.

ठरलेल्या दिवशी डेक्लन आणि मी एकदमच दारात पोचलो. बाहेर पाणी गोठून रस्ता निसरडा झालेला, आणि उंबऱ्याबाहेर रांगोळी. मृणालने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी मुलीला शाळेत सोडून आले तोवर..." एवढंच ती पुटपुटली.

आत पाऊल टाकलं आणि चौफेर नजर फिरवली. सोफ्यावर जरीकाठी पलंगपोस. टेबलावर चकचकीत डिनर सेट. कोपऱ्यात मोठी पितळी समई, तिच्या शेजारी कोरीव लाकडाची पेटी. भिंतीला केवढा तरी टीव्ही टेकवून ठेवलेला. तो चालू नव्हता, कारण त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मधोमध चांदीच्या तबकात सुकामेवा. मी त्या तबकाकडे बघतच राहिले. ते माझं होतं.

दोनच दिवसांपूर्वी सिंधूबाईंनी मला फोन करून हळदीकुंकवासाठी म्हणून ते मागून घेतलं होतं. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट मी ते चिंचेने घासून, पिशवीत घालून स्वतः नेऊन दिलं होतं. समई ल्यूकनच्या एकींची होती, डिनर सेट दुसऱ्या कोणाचा. नास ते ल्यूकन जेवढ्या म्हणून मराठी घरांत काही चमकणारं होतं ते सगळं बाईंनी गोळा करून पलंगाखाली आणि प्रेसमध्ये दडवलं होतं. प्रेस म्हणजे तिकडे कपाट. आणि मृणालची पाठ वळताच बाहेर काढलं होतं.

सिंधूबाई स्वतः जांभळ्या रेशमी साडीत, वरून शाल, नाकात नथ. डेक्लन समोर येताच त्यांनी हात जोडले, त्याला सोफ्यावर बसवलं आणि त्याच्या हातात कांदेपोह्यांची बशी दिली. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मुलगी बघायला मंडळी येतात तेव्हा काय करतात, तेच बाईंनी केलं होतं. साहेब घर बघायला येणार म्हटल्यावर घर दाखवण्यासारखं नको?

डेक्लनने बशी मांडीवर ठेवली. तो समईकडे, मग टीव्हीकडे, मग तबकाकडे बघत होता. त्याने वही उघडली. प्रसाद टाय लावून उभा होता आणि त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

"बाई," सिंधूबाई मला म्हणाल्या, "मले इंग्रजी येत नाई. मी बोलतो थे साहेबाले जसंच्या तसं सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

"आमचं नागपुराले दोन मजली घर हाये. ह्याचे बाबा हेडमास्तर होते. कोनाचा एक रुपया आमच्या घरावर नाई. पोरगा शाळेपासून पयला. त्याच्या लग्नात हजार पान उठलं."

परिस्थिती तपासायला आलेल्या माणसापुढे याहून घातक पाच वाक्यं मी कर्जविभागातसुद्धा तयार करू शकले नसते. मी डेक्लनकडे वळून म्हटलं, "त्या म्हणतात, आपलं स्वागत आहे."

"बरंच मोठं स्वागत होतं," डेक्लन म्हणाला.

"आन सांगा, सोनं मी आनलं नाई, भेव वाटते इमानात. पन हाये."

"त्या म्हणतात, इकडे थंडी फार आहे."

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. मी चांदीच्या तबकाकडे पाहिलं. दुभाष्याने एक शब्दही गाळू नये, यावर आदल्याच महिन्यात मी केंद्रातल्या नव्या मंडळींना तासभर व्याख्यान दिलं होतं. शेवटी मीच कबूल केलं, "ते तबक माझं आहे. समई माझ्या मैत्रिणीची. या घरातलं इथे फक्त तुमच्या मांडीवरचं आहे, आणि तो सोफा. सोफा घरमालकाचा."

तो हसला नाही. त्याने प्रसादला नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाडं किती, नोटीस कधी दिली, शेवटचा पगार कधी. प्रसाद खालच्या आवाजात उत्तरं देत होता. सिंधूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "रेंट" हा शब्द दोन-तीनदा आला तसा त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. नथ काढून त्यांनी मुठीत घेतली.

मदत मंजूर झाली, हे मी आत्ताच सांगून टाकते. पत्र आठवड्याभरात आलं, घर टिकलं, आणि पुढे प्रसादला नोकरीही लागली. पण तेव्हा त्या खोलीत आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता. या बाईंच्या मानापायी हे घर जाणार आणि त्याला माझं तबक कारण होणार, असंच मला वाटत होतं.

"हा ऑफिसातला साहेब नाई," सिंधूबाई म्हणाल्या. "ऑफिसातला साहेब भाडं काऊन पुसन?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, आता मी बोलतो थे खरंखरं सांगा. मघा तुम्ही काई सांगितलं नाई, मले समजते. मी एवढं बोललो आन तुमचं दोन शब्दात झालं."

मी मान खाली घातली.

"याची नोकरी गेली थे मले आल्याच्या आठवड्यातच समजलं. संध्याकाळी हा येते, डबा माह्या हातात देते, तं हात बर्फावानी. ऑफिसात बसलेल्या मानसाचे हात असे नसते. मंग मी काई बोललो नाई. हा माह्यासाठी लपवते, तं मी कायले उघडं करू? आन आज साहेब घर पाहाले येते म्हनला. मले वाटलं, नवी नोकरी देनारा असन. बिनकामाच्या मानसाले कोन काम देते? घरंदाज हाये असं दिसलं तं देईन. म्हनून मी हे सारं मांडलं." त्यांनी डेक्लनकडे बोट केलं. "साहेबाले म्हना, पैशाचं तुमचं तुम्ही पाहा. मी कोनाले मागत नाई. पन हा रोज थंडीत फिरते. माह्यापायी फिरते. मी उद्या जातो म्हटलं तरी तिकीट दोन महिन्यानं हाये. मी काय करू थे त्याले पुसा."

मी सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं, नागपूरच्या दोन मजल्यांपासून बर्फासारख्या हातांपर्यंत. मृणाल भिंतीकडे तोंड करून उभी होती. प्रसादने डोळ्यांवर हात धरला होता.

डेक्लनने वही मिटली. मग मांडीवरची बशी उचलली आणि सगळे पोहे सावकाश खाल्ले. त्याच्या त्या हळू आवाजात तो मला म्हणाला, "यांना सांग, की आमच्याकडून मदत घेणाऱ्या माणसाला दिवसा घर सोडायची परवानगी नाही. मी कधीही तपासायला येऊ शकतो. त्यामुळे उद्यापासून सकाळी बाहेर पडणं बंद. सरकारी नियम आहे."

असा कुठलाही नियम नाही. नियम असलाच तर बरोबर उलटा आहे, बेकार माणसाने घरात न बसता काम शोधत फिरावं असा. नियमांतल्या चुका काढणं हा माझा हातखंडा, त्यापायी मी किती जणांशी भांडले होते, डेक्लनशीसुद्धा. त्याचं वाक्य मी काना-मात्रा न बदलता मराठीत सांगितलं, वर "फार कडक आहे" असं माझ्या पदरचं घातलं.

सिंधूबाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग डेक्लनकडे पाहिलं, बराच वेळ.

"सरकारचा कायदा हाये तं पाळाच लागन," त्या म्हणाल्या. "प्रसाद, थो टाय सोड. इकडे ये."

तो जाऊन आईशेजारी सोफ्यावर बसला, आणि तिने त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या शालीखाली घेतले.